अठ्ठावीस दिवसांची काटामारी

२७ जून २०२४ला जिओने दरवाढ जाहीर केली. २८ जूनला एअरटेलने केली, आणि त्याच दिवशी व्होडाफोन आयडियानेही. पहिल्या दोघांचे नवे दर ३ जुलैपासून लागू झाले, तिसऱ्याचे ४ जुलैपासून. लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला होता, हे आपलं जाता जाता सांगितलं. जिओचा २३९चा पॅक २९९ झाला. एअरटेलचा २६५चा पॅक २९९ झाला. व्होडाफोन आयडियाचा २६९चा पॅक, ओळखा बरं, २९९ झाला. तीन वाटांनी निघालेले तीन गडी एकाच पारावर येऊन टेकले.

आमच्याकडे, सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात, तीन कारखान्यांनी दोन दिवसांत सारखीच उचल जाहीर केली तर लोक त्याला स्पर्धा म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर रस्त्यात आडवे उभे राहतात. टायरमधली हवा जाते. या तीन कंपन्यांनी खोलीत बसून दर ठरवला, असं मी म्हणत नाही. बाजारात दोन-तीनच विक्रेते उरले की बोलून ठरवायची गरजच पडत नाही. एकाने फलक लावला की दुसरा बघतो आणि आपलाही लावतो. २०१९च्या डिसेंबरात असंच झालं, २०२१च्या नोव्हेंबरात असंच झालं, २०२४ला तिसऱ्यांदा झालं. आणि तिन्ही वेळा आपण काय केलं? मीम केलं. कुठल्या रिचार्जवर? ते विचारू नका.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे: रिचार्जचा दर हा ऊसदरासारखाच राजकीय प्रश्न आहे, आणि ऊसदरासाठी टनामागे शंभर रुपयांवर रान उठवणारी आमची पिढी रिचार्जपुढे मान खाली घालून ‘पे नाऊ’ दाबते, हे मला पटत नाही.

हिशेब मांडतो. पॅक २८ दिवसांचा. वर्षात असे तेरा पॅक लागतात. तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे ३६४. पगार बारा, दूध डेअरीची महिन्याची बिलं बारा, खोलीचं भाडं बारा, पण रिचार्ज तेरा. पंचांगातला अधिक मास साधारण पावणेतीन वर्षांनी एकदा येतो, तेव्हा जावयाला धोंड्याचं वाण द्यावं लागतं. २०२३ला तो श्रावणात आला होता. मोबाइल कंपन्यांचा धोंडा दरवर्षी येतो आणि जावईही तेच ते. २९९ गुणिले तेरा म्हणजे ३८८७ रुपये. २०२४-२५च्या हंगामात केंद्राने उसाची एफआरपी ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३४०० रुपये. म्हणजे एक फोन वर्षभर चालू ठेवायला एक टन ऊस पुरत नाही. घरात चार फोन असतील तर साडेपंधरा हजार रुपये. गुंठ्यावर हिशेब करणाऱ्या घरात हा आकडा कोणी वहीत मांडून बघितला आहे का?

काटामारी म्हणजे काय, हे ऊसवाल्यांच्या पोरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: कारखान्याच्या वजनकाट्यावर खेपेमागे थोडं थोडं वजन कमी दाखवायचं. क्विंटल-दोन क्विंटलने शेतकरी भांडायला येत नाही, आणि अशा हजारो खेपा होतात. या संशयापायी लोक भरलेली ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर नेतात आणि दोन्ही पावत्या ताडून बघतात. अठ्ठावीस दिवसांचा महिना ही उघड उघड, जाहिरातीत छापून केलेली काटामारी आहे. दर आहे तोच दाखवायचा, माप लहान करायचं. ट्रायने २०२२ साली आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि निदान एक पॅक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवावा. निदान एक! म्हणजे बाकी सगळे काटे तसेच राहू द्या, कोपऱ्यात एक खरा काटा ठेवा, ज्याला सापडेल त्याने वजन करावं.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, अरे पण भारतात डेटा जगात सगळ्यात स्वस्तात मिळतो, स्पर्धेमुळेच मिळाला, विसरलास का?

विसरलो नाही. माझं गाव विट्याजवळचं. खानापूर-आटपाडीच्या या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा, आमच्याकडचा माणूस भेटेल. या घरांना फोनची किंमत कोणी शिकवायची गरज नाही. एसटीडी बूथवर रात्री उशिरा दर पाववर यायचा, तोपर्यंत माणसं थांबायची. आत नंबर लागला की मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचं: पाऊस आहे का, आई कशी आहे, ठेवतो. मग २०००च्या ऑगस्टमध्ये लांबच्या कॉलचा धंदा खासगी कंपन्यांना खुला झाला. दर पडायला लागले. २००३ला इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात ठेवला. २००६ला खुद्द बीएसएनएलने ‘वन इंडिया’ आणलं, देशात कुठेही मिनिटाला एक रुपया. २००९ला टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला आणि बाकीच्यांना मुकाट्याने मागे जावं लागलं. कोइमतूरला बसलेल्या बापाला विट्यातल्या पोरीशी पाच मिनिटं बोलता येऊ लागलं, ही साधी गोष्ट नव्हती. ते स्पर्धेनेच दिलं. त्या काळात आमच्या सर्कलमध्ये दहाच्या आसपास कंपन्या होत्या. विट्याच्या स्टँडसमोर छत्री लावून सिमकार्ड फुकट वाटायचे. एकेका माणसाच्या खिशात तीन-तीन सिम.

तेव्हा स्पर्धेने भलं केलं, यावर माझा वाद नाही. माझा वाद हा आहे की ती स्पर्धा संपली आहे आणि आपण अजून तिचेच गोडवे गातो आहोत.

ती कशी संपली तेही बघायला हवं, कारण ती म्हातारपणाने मेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ला टूजीचे १२२ परवाने रद्द केले. गंमत म्हणजे त्या खटल्यातले सगळे आरोपी २०१७च्या डिसेंबरात विशेष न्यायालयात निर्दोष सुटले. परवाने तर गेले ते गेलेच. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. ३१ मार्च २०१७पर्यंत सगळं फुकट. जुन्या कंपन्याही काही साधुसंत नव्हत्या. जिओचे कॉल आपल्या जाळ्यात नीट येऊ दिले नाहीत, म्हणून ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून ३०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. पण फुकट विकून बाजार मारता येतो का, हा प्रश्न जेव्हा स्पर्धा आयोगापुढे गेला, तेव्हा जून २०१७मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली. कारण काय? जिओचा बाजारातला वाटा सात टक्क्यांच्याही आत आहे, बाजारात भरपूर स्पर्धक आहेत, सबब काळजीचं कारण नाही. त्यानंतर वर्षभराच्या आत रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद झाली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर एअरटेलमध्ये विरली. ऑगस्ट २०१८ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. पुढच्या वर्षी टाटांचं मोबाइल गिऱ्हाईक एअरटेलकडे गेलं. आज दोन कंपन्यांकडे मिळून देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त मोबाइल जोडण्या आहेत. सात टक्क्यांचं पाडस बघून आयोगाने दार लावून घेतलं. नंतर दार उघडून कोणी बघितलं नाही.

स्वस्त डेटाचा मुद्दा तर आणखी फसवा आहे. एक जीबी किती पैशांना पडतो, हे ज्याला दिवसाला दीड जीबी लागतो त्याने बघावं. माझ्या आजीला एकही जीबी लागत नाही. तिला फोन ‘लागला’ पाहिजे, म्हणजे कोणी केला तर वाजला पाहिजे. पूर्वी सिममध्ये दहा रुपये टाकून ठेवले की नंबर महिनोन्‌महिने जिवंत राहायचा. लाइफटाइमच्या योजनाही होत्या. मिस्ड कॉल ही तर आमची राष्ट्रभाषा होती. २०१८च्या अखेरीस नियम आला की २८ दिवसांत किमान ३५ रुपये भरा, नाहीतर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंगही बंद. २०२१च्या शेवटी तो किमान आकडा ९९ झाला. २०२३ला बऱ्याच सर्कलमध्ये १५५ झाला. २०२४च्या जुलैत अमर्याद कॉलचा छोटा पॅक १९९वर गेला. सहा वर्षांत पाचपटीच्या वर. जीबीचा दर पडला म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि नंबर जिवंत ठेवायचा दर वाढला तो बघायचाच नाही! आज बँकेचा ओटीपी, आधार, पीकविमा, गॅसची नोंदणी, कॉलेजचा प्रवेश, सगळं त्या नंबराला बांधलेलं आहे. नंबर मेला की माणूस सरकारदरबारी मुका होतो. म्हणजे हा भाजीपाल्यासारखा दर नाही. मन मानलं तर घेऊ, नाहीतर राहू, असं इथे चालत नाही.

डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक काढा. जानेवारीत पॅक आले. इंटरनेट काढलं, दर मात्र जेमतेम खाली आला. ओरड झाल्यावर थोडा आणखी उतरवला. भाकरी काढून घेतली आणि ताटाचे पैसे तेवढेच लावले.

आता ‘सर्कल’ या शब्दाकडे येतो, कारण सगळी मेख तिथे आहे. दूरसंचारच्या नकाशात सातारा-सांगली हे ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये येतात, त्यात गोवाही येतो, पण मुंबई येत नाही. मुंबई वेगळी. पाटण-जावळीच्या खोऱ्यांतली निम्मी तरणी माणसं मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून राबली. त्यांच्यासाठी गाव आणि मुंबई हे एकच घर होतं, ओटा इकडे आणि माजघर तिकडे. कंपन्यांच्या नकाशात मात्र ते दोन देश होते. मुंबईचं सिम घेऊन गावच्या यात्रेला आलं की रोमिंग. मुंबई सोडून गावी परत आलं तर नंबर बदला. दुसऱ्या सर्कलमध्ये नंबर घेऊन जायची सोय २०१५च्या जुलैपर्यंत नव्हती. जतच्या पूर्व भागात तर घरात बसल्या बसल्या फोन कर्नाटकचा टॉवर धरायचा. माणूस चुलीपुढे आणि फोन परराज्यात.

आणि या सर्कलमध्ये जाळं कुठवर न्यायचं? युनिफाइड ॲक्सेस परवान्याची अट अशी होती की तीन वर्षांत सर्कलमधली निम्मी जिल्हा मुख्यालयं झाकायची. मुख्यालयाऐवजी त्या जिल्ह्यातलं दुसरं एखादं शहर घेतलं तरी चालेल. आणि शहर झाकलं म्हणजे काय, तर नगरपालिकेच्या हद्दीतला ९० टक्के भाग. ग्रामीण भाग झाकण्याची सक्ती नाही, हे त्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढे लिलावांच्या अटींत ग्रामीण टप्पे आले, पण पाया तोच पडला होता. कऱ्हाडच्या पालिकेची हद्द झाकली की सातारा जिल्हा झाला! पुढे कोयनेचं खोरं आहे, कांदाटी आहे, ढेबेवाडीच्या वरच्या वाड्या आहेत, शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग आहे, त्याचं काय, हे कागदाने विचारलंच नाही.

म्हणून आमच्याकडे स्पर्धा बघायची असेल तर हायवेवर जावं लागतं. मी नोकरीसाठी कराडला राहतो. शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत सगळ्यांचे टॉवर एकमेकांना खेटून उभे आहेत. कराडहून पाटणच्या पुढे निघा आणि फोनवरच्या कांड्या मोजत जा. एकेक कांडी गळते, मग एकेक कंपनी गळते. शेवटी एकच उरते, आणि त्याच्या पुढे घाटाच्या वळणावर तीही जाते. कोयनेच्या पाण्यावर राज्यात दिवे लागले, वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. वीज खाली गेली, रेंज वर आली नाही. लॉकडाउनमध्ये या भागातली पोरं ऑनलाइन तासासाठी सड्यावर चढून बसायची. डोंगरातल्या माणसाला ‘पोर्ट कर’ म्हणून सल्ला देणं म्हणजे ज्याच्या गावाला एकच एसटी येते त्याला दुसऱ्या गाडीने ये म्हणण्यासारखं आहे.

जिथे धंदा परवडत नाही तिथे मग कोण जातं? २०२२ला केंद्राने २४,६८० गावांत फोरजी पोहोचवायला २६,३१६ कोटी मंजूर केले आणि काम दिलं बीएसएनएलला. त्याच बीएसएनएलला, जिला फोरजीचे स्पेक्ट्रम २०१९च्या पॅकेजपर्यंत नीट दिले नव्हते. जिचं फोरजीचं टेंडर २०२०ला रद्द झालं. जिचे ७८ हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवसात, ३१ जानेवारी २०२०ला, घरी गेले. खासगी फाइव्हजी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं. बीएसएनएलच्या देशी फोरजीचं रीतसर उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ला झालं. बैलाचे पाय बांधून शर्यतीत उतरवायचं आणि मग म्हणायचं, बघा, सरकारी बैल पळत नाही.

जुलै २०२४मध्ये लोकांनी तरीही पोर्ट केलं, हे नोंदवायला हवं. त्या एका महिन्यात बीएसएनएलचं गिऱ्हाईक २९ लाखांनी वाढलं आणि तिन्ही खासगी कंपन्यांचं घटलं. माझ्या ऑफिसमधले दोघं गेले. दोन-तीन महिन्यांत परत आले, कारण व्हिडिओ चालेना. मधल्या काळात काय झालं बघा: जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत जिओचं सुमारे एक कोटी नऊ लाख गिऱ्हाईक गेलं, त्यात दुय्यम सिम बरीच असणार, पण दर गिऱ्हाइकामागचं महिन्याचं उत्पन्न १८१ रुपयांवरून १९५वर गेलं. एअरटेलचं त्याच वर्षात २११वरून २४५वर. एक कोटी माणसं उठून गेली आणि दुकानदाराचा गल्ला वाढला. ‘पोर्ट’ हे हत्यार बोथट झालं आहे, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

कंपन्यांची बाजू आहे आणि ती पोकळ नाही. स्पेक्ट्रमचे पैसे, फाइव्हजीचा खर्च, थकलेली देणी. व्होडाफोन आयडियाची अवस्था इतकी की देण्यांच्या बदल्यात सरकारकडे आज तिचे जवळपास ४९ टक्के शेअर आहेत. असेल खर्च. मग तो लोकांपुढे मांडा. महावितरणला दर वाढवायचा असेल तर वीज नियामक आयोगापुढे याचिका करावी लागते, जाहीर सुनावणी होते, तिथे कोणीही शेतकरी उभा राहून ‘तुमची गळती आमच्या बिलात का’ असं विचारू शकतो. उसाची एफआरपी कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवर ठरते. मोबाइलला यातलं काही नाही. कंपनीने दर लावायचा आणि लावल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचं. सरकारी भाषेत याला ‘संयम’ म्हणतात. संयम ट्रायने पाळायचा, झळ आपण सोसायची. दहा कंपन्या भांडत होत्या तेव्हा हे ठीक होतं. भांडण हाच अंकुश होता. आता भांडण नाही आणि अंकुशही नाही.

ऊसपट्ट्याला ही गोष्ट नवी नाही. झोनबंदी होती तेव्हा आपला ऊस दुसऱ्या कारखान्याला घालता येत नव्हता. शेतकरी संघटनेने ती लढून उठवली. तरी दोन कारखान्यांत २५ किलोमीटरचं हवाई अंतर आजही आहेच. त्यामुळे इथल्या माणसाला पक्कं ठाऊक आहे की शेजारी दुसरा कारखाना असला तर चार पैसे जास्त मिळतात, पण नुसत्या शेजाऱ्यावर विसंबून चालत नाही. किमान दराचा कायदा लागतो, काट्यावर नजर लागते, आणि हंगामाच्या तोंडावर मैदानात माणसं लागतात. जयसिंगपूरला दरवर्षी ऊस परिषद भरते. सांगलीतूनही गाड्या भरून लोक जातात. तिथे ठराव मांडले जातात, हात वर होतात, आणि त्या ठरावांची दखल साखर आयुक्तांना घ्यावी लागते.

ट्रायच्या २०२४च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपल्या जाळ्याचा नकाशा वेबसाइटवर टाकायचा आहे. हे वाचून झालं की तो उघडा आणि आपल्या गावावर बोट ठेवा. नकाशात रंग आहे आणि अंगणात रेंज नाही, असं दिसलं तर स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळेसह. कारखान्याच्या पावतीशेजारी बाहेरच्या काट्याची पावती ठेवतात, तशी ही पावती ठेवा. गावातल्या दहा जणांनी ठेवली तर ग्रामसभेत वाचता येते, आणि ग्रामसभेचा ठराव आमदाराच्या टेबलावर टाकता येतो.

आणि यंदाच्या परिषदेत ऊसदराच्या ठरावांखाली एक जागा रिकामी ठेवा. महिना तीस दिवसांचाच धरावा. नुसता फोन वाजण्यासाठी वेगळा, परवडणारा दर असावा आणि तो कंपनीने नव्हे, ट्रायने ठरवावा. दरवाढीआधी जाहीर सुनावणी व्हावी, आणि ती नुसती दिल्लीत नाही, एखादी सांगलीतही. सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे.